घाटाखालचा वसा : कर्जत-खालापूरच्या स्मरणपरंपरेचा इतिहास

सह्याद्रीची मुख्य धार आणि तिच्यापासून सुटलेला माथेरानचा डोंगर यांच्यामध्ये उल्हास नदीचे खोरे आहे आणि त्याच्या दक्षिणेला पाताळगंगेचे खोरे लागते. पहिल्यात कर्जत तालुका वसला आहे, दुसऱ्यात खालापूर. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्याचा हा समुद्रापासून दूर असलेला, डोंगराला टेकलेला भाग. या दोन तालुक्यांचा इतिहास बहुधा घाटाच्या ओघाने लिहिला जातो, म्हणजे मुंबईहून पुण्याला किंवा पुण्याहून बंदरांकडे जाणाऱ्यांचा मुक्काम म्हणून. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आपल्या माणसांची आठवण कशी राखली, कोणाचा मान केला आणि तो कोणत्या रीतीने केला, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतो. तो विचारला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. येथे ज्यांनी ‘यापुढे जाता येत नाही’ ही समजूत ओलांडली, त्यांचा मान आधी त्यांच्या निकटच्या माणसांनी केला, आणि तो नुसता गौरव करून नव्हे, तर बहुतेक वेळा त्यांचे अर्धे राहिलेले काम हाती घेऊन केला.

या परंपरेचा सर्वांत जुना पुरावा कर्जत तालुक्यातच, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांत आहे. इसवी सनापूर्वीच्या काळात खोदलेल्या या बौद्ध लेणीसमूहात एक चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, आणि भिक्षूंच्या निवासासाठी विहार आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका भव्य यक्षमूर्तीचे मस्तक उरले आहे आणि त्यालगत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एका ओळीचा लेख आहे. कन्ह, म्हणजे कृष्ण, याचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सान्निध्यात राहून विद्या घेणारा शिष्य. पश्चिम भारतातील लेण्यांत राजे, व्यापारी, गहपती म्हणजे सधन गृहस्थ, भिक्षुणी अशा अनेक दात्यांची नावे आढळतात आणि त्यांतील पुष्कळांत दानाचा तपशील असतो; बलकाच्या लेखात दानही नाही आणि राजाही नाही. काळ्या कातळातून एवढे लाकडी घडणीचे, कमानीच्या नक्षीचे दर्शन उभे करणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव कोरावेसे वाटले. लेण्याचा दर्शनी भाग आज बराच ढासळला आहे, पण ती ओळ वाचता येते.

कोंडाण्याच्या वरून जाणारी वाट ही कोकणातून देशावर चढणाऱ्या अनेक वाटांपैकी एक होती. बैलांचे तांडे, मीठ वाहणारे वंजारी आणि भिक्षू ज्या वाटांनी चढत, त्यांवरून फौज नेणे मात्र वेगळे होते, आणि ते किती वेगळे होते याचा प्रत्यय २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत आला. शायिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेने कोकणात उतरत असता शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला पुढून-मागून कोंडले. फौजेत माहूरच्या उदाराम देशमुखांची विधवा सावित्रीबाई होती. नवऱ्यामागे तिने घराण्याची जहागीर आणि फौज स्वतः चालवली होती आणि औरंगजेबाने तिला रायबागन हा किताब दिला होता. पुढे वाट नाही हे खानाला स्पष्ट सांगून शरण जाण्याचा सल्ला तिनेच दिल्याचे परमानंदाच्या ‘शिवभारता’त आले आहे. जिंकणाऱ्यांच्या स्मृतीत हरलेल्या बाजूच्या स्त्रीला असे मानाचे स्थान मिळाल्याची उदाहरणे फार नाहीत.

अठराव्या शतकात पुणे हे राज्यकारभाराचे केंद्र झाल्यावर बोरघाटाची वर्दळ वाढली. चढणीआधी माणसांना आणि जनावरांना पाणी हवे, म्हणून नाना फडणवीसांनी खोपोलीत तळे बांधले आणि त्याच्या काठी महादेवाचे देऊळ उभारले. इंग्रजी अमलात १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत घाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता झाला. चाक घाट चढू शकते हे त्याने दाखवले, पण वाफेचे इंजिन चढू शकेल असे मानायला पुढची पंचवीस वर्षे जावी लागली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीपर्यंत आणि तेथून खोपोलीपर्यंत पोचला. वर खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला. मधल्या काही मैलांसाठी उतारूंना पालखी, तट्टू किंवा गाडी करावी लागे. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली याने जी आखणी केली, तिच्यात सुमारे १६ मैलांच्या अंतरात १,८३१ फूट चढ होता. काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधायचे होते. गाडीला सलग चढवता येईना म्हणून घाटात एका ठिकाणी उलटफेरीचे स्थानक ठेवण्यात आले. तेथे गाडी थांबे, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी आल्या दिशेच्या उलट दिशेने पुढचा चढ चढे. माघार घेऊन चढायची ही युक्ती १९२९ पर्यंत वापरात होती. नव्या आखणीनंतर ती बंद झाली आणि पुढच्याच वर्षी विजेच्या इंजिनावर डेक्कन क्वीन घाट चढू लागली.

हा चढ ज्यांनी प्रत्यक्षात आणला, त्यांपैकी बहुतेकांची नावे उरली नाहीत. घाटाचे पहिले कंत्राट फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. मजुरीचे पैसे थकल्याने १८५९ च्या प्रारंभी मजुरांनी बंड केले, युरोपीय देखरेखदारांवर दगडफेक झाली आणि अखेर फॅव्हिएलने काम सोडले. मजुरांचा हा रोष आळशांचा दंगा म्हणून काढून टाकण्याची सोय तेव्हाच्या अनेक इंग्रजांना होती. त्यांच्यातल्याच काहींनी मात्र वेतनाची तक्रार खरी असल्याचे मान्य केले होते. पुढचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो त्याच वर्षी भारतात आला आणि काही आठवड्यांतच खंडाळ्याला मरण पावला.

त्याच्याबरोबर आलेली त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिला आता परत जाण्यापासून कोणी अडवले नसते. व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचाही अधिकार कायद्याने दिला नव्हता आणि अभियांत्रिकीचे क्षेत्र तर सर्वस्वी पुरुषांचे होते. विधवा झाल्यावर कायद्याची ही आडकाठी दूर झाली, पण समाजाची नाही. अ‍ॅलिसने नवऱ्याचे कंत्राट स्वतः चालू ठेवले, त्याच्याच हाताखालच्या अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांवर तांत्रिक जबाबदारी सोपवली आणि काम पुरे केले. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर कामावर होते. त्या काळच्या जगात एका ठिकाणी एवढे मनुष्यबळ क्वचितच गोळा झाले असेल. पटकी, हिवताप आणि अपघात यांनी हजारो माणसे दगावली. ४ वर्षांच्या या कामाची छायाचित्रे जतन करणारा तिच्या नावाचा एक संग्रह आहे. त्यात अर्धवट उभ्या असलेल्या कमानी, लाकडी परांच्या आणि उघडे पडलेले कातळ दिसतात. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचे उद्घाटन झाले तेव्हा बर्कली हयात नव्हता. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला होता. ज्याने वाट कल्पिली आणि ज्याने ती बांधायला घेतली, ते दोघेही तिच्यावरून गेले नाहीत. तिसरीने ती पुरी केली आणि इंग्लंडमध्येही तिचे नाव फार काळ कोणी काढले नाही.

ज्या मजुरांची नावे नोंदली गेली नाहीत, त्यांच्या वतीने लोकांनी स्वतःच एक नाव राखले. खोपोलीवरून वर चढणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. आख्यायिका, म्हणजे पिढ्यानपिढ्या सांगितली गेलेली कथा, अशी की इंग्रज अभियंत्यांना घाटातून मार्ग सापडत नव्हता, तेव्हा रोज मेंढरे घेऊन डोंगर चढणाऱ्या शिंगरोबा नावाच्या धनगराने त्यांना वाट दाखवली; बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. कोणी ही कथा रस्त्याशी जोडतो, कोणी लोहमार्गाशी, आणि १८३० व १८६३ या दोन कामांत तीन दशकांचे अंतर आहे हे ध्यानात घेतल्यास तिला अहवालासारखे वाचता येत नाही. तशी ती वाचण्याची गरजही नाही. धनगराला वाट ठाऊक असणे यात नवल नाही, कारण जनावर जेथून चढते तेथे उतार सौम्य असतो आणि पाणी जवळ असते. घाटवाटांचे ज्ञान ज्यांच्या पायांत होते ते सरकारी आखणीत शिरले, पण त्या माणसांची नावे शिरली नाहीत. कथेने ही उणीव भरून काढली.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत घरच्या मृत पूर्वजाचा टाक, म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उठवलेली छोटी प्रतिमा, कुलदैवतांच्या टाकांबरोबर देवघरात ठेवण्याची रीत आहे. वीर म्हणून गेलेल्याचा टाक बहुधा घोडेस्वाराचा असतो. आपल्या माणसाला गेल्यावरही घरात जागा द्यायची आणि सणावाराला त्याला नैवेद्य दाखवायचा, ही रीत शिंगरोबाच्या देवळात रस्त्यावर आलेली दिसते. वाहने घाट चढताना थांबतात किंवा निदान वेग कमी करतात आणि प्रवासी नाणे टाकतात. टाकणाऱ्यांतले पुष्कळ जण धनगर नसतात आणि त्यांना कथा पूर्ण ठाऊक नसते. बोरघाटातल्या हजारो मृतांच्या वाट्याला आलेला नेमाने चालणारा मान हा एवढाच आहे.

बाप-लेकांपैकी एकाचे स्वप्न दुसऱ्याने पुरे करण्याची रीतही या तालुक्यांत दोनदा मोठ्या प्रमाणावर घडली, ती थोडक्यात सांगण्याजोगी आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस तळ्यांत साठवायचा, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणायचा आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात होती. १९०४ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या मुलांनी ती पुढे नेली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज पोचली. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह झाले. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या बाबतीत क्रम उलटा आहे: अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या तरुणाने डोंगरावर दोन फूट रुंदीचा लोहमार्ग नेण्याचा हट्ट धरला आणि त्याचे वडील, मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय, यांनी त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये दिले. १९०४ मध्ये सुरू झालेले काम १९०७ मध्ये संपले. मुलाच्या बुद्धीवर असा पैसा लावणारे बाप तेव्हाही थोडेच होते.

माथेरानच्याच एका गरीब नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. त्यांना लोक भाई म्हणत. जातीने ठरवलेला व्यवसाय, डोंगरावरचे छोटे गाव आणि तोकडी मिळकत असे तिहेरी कुंपण असतानाही त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. येथवरचा प्रवास एका हुशार मुलाच्या प्रगतीचा आहे आणि तेथेच तो थांबला असता तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांचे वेगळेपण पुढे दिसते. कर्जत तालुक्यातील कुळे, ठाकर आणि कातकरी कुटुंबे पावसाळ्यात धान्य संपले की सावकाराकडून खावटी घेत. खावटी म्हणजे पेरणी ते सुगी या काळात पोट भरण्यासाठी उसने घेतलेले धान्य. सुगीला ते वाढीसह परत करावे लागे, आणि एका पावसाळ्याची वाढ फिटेपर्यंत दुसरा पावसाळा येई. भाईंनी गावोगाव धान्यकोठ्या काढल्या: सुगीच्या वेळी प्रत्येकाने थोडे थोडे धान्य जमा करायचे आणि पावसाळ्यात ज्याला लागेल त्याने तेथून माफक वाढीने न्यायचे. त्याबरोबर त्यांनी गावांत स्वयंसेवी शाळा सुरू केल्या.

येथे एक भेद करावा लागतो, कारण प्रेरणादायी चरित्रांत तो सर्रास पुसला जातो. ‘आपल्या पोरांना शाळा कशाला’ किंवा ‘सावकाराशिवाय आपले चालायचे नाही’ ही वाक्ये वरवर पाहता माणसाने स्वतःच स्वतःवर घालून घेतलेल्या मर्यादा वाटतात. पण कर्जाची वही सावकाराच्या हातात होती, शाळा मैलोन्‌मैल दूर होती आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर होती. अशा माणसाला ‘मनात आण, जमेल’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर टाकणे होय. धान्यकोठीने आधी धान्य उपलब्ध करून दिले. सावकाराशिवाय चालते हा विश्वास त्यानंतर आला. हा क्रम भाईंना नेमका कळला होता, आणि त्यांच्या कार्यातला सर्वांत टिकाऊ विचार तोच आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलनात अटक टळावी म्हणून भाई भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. दस्त्यातली माणसे मुख्यतः याच तालुक्यातील शेतकरी आणि आदिवासी तरुण होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत त्यांनी मुंबईला वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारांचे लोखंडी मनोरे पाडले. ज्या विजेची वाट याच घाटातून काढली गेली होती, ती युद्धकाळात सरकारला लागणाऱ्या कारखान्यांची जीवनवाहिनी झाली होती. जंगलात वाढलेल्या मुलांनी करवतीने तिलाच हात घातला. या कामात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील भाईंचे निकटचे सहकारी होते. पोलिसांचा पाठलाग वाढल्यावर दस्ता मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात गेला. फितुरीमुळे ठिकाण कळले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील मारले गेले, भाई जखमी झाले आणि जखमी अवस्थेतच पोलीस अधिकारी हॉल याने त्यांना गोळी घातली. भाईंचे वय तेव्हा ३० होते, आणि माथेरानच्या घरी त्यांची पत्नी व लहान मुले होती.

सिद्धगड ठाणे जिल्ह्यात येतो, पण तेथील स्मृती कर्जतची आहे. दरवर्षी १ जानेवारीच्या रात्रीपासून नेरळ, माथेरान, कर्जत आणि मुरबाड भागांतली माणसे जंगलातल्या वाटेने त्या ठिकाणी जातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हुतात्म्यांना अभिवादन करतात. नेरळमध्ये हुतात्मा चौक आहे. भाईंच्या चरित्रावर २०२० मध्ये मराठी चित्रपटही निघाला. थंडीतला हा जागर सरकारी सोहळ्यापेक्षा घरच्या श्राद्धाच्या अधिक जवळचा आहे: जाणाऱ्यांत दस्त्यातल्या माणसांची नातवंडे असतात आणि आजोबांचे नाव घेऊन चालणारी मुले असतात.

तरीही या स्मरणात एक तोल सुटलेला आहे. मनोऱ्यांची गोष्ट दरवर्षी सांगितली जाते, कारण तिच्यात धाडस आहे, गोळी आहे आणि हौतात्म्य आहे. धान्यकोठीची गोष्ट ओझरती येते, कारण तिच्यात फक्त भात मोजला जातो. परंतु मनोरे पाडणारी माणसे भाईंच्या मागे गेली ती कोठीने जोडलेल्या विश्वासामुळे, आणि तो विश्वास एका रात्रीत आलेला नव्हता. कर्जत आणि खालापूरच्या शाळांनी २ जानेवारीला सिद्धगडाची हकिगत सांगताना धान्यकोठीचा हिशेबही मुलांसमोर मांडावा: किती माप दिले, किती परत आले, सावकाराची वाढ किती आणि कोठीची किती. आपल्या खोऱ्यातल्या या माणसाचा मान त्याने घातलेल्या क्रमानेच व्हायला हवा, आणि त्या क्रमात कोठी पहिली आहे.